मंगलची गाठ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला अर्धंच ठाऊक आहे — माझ्या आजाराचं. मंगलचं नाही.

आम्ही राहू गावचे. मंगल माझी धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहायची. सहा वर्षांपूर्वी अंघोळ करताना माझ्या छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. तरी पुण्याला दाखवली — कॅन्सर निघाला. "बरं झालं, लवकर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि खरंच, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, मी बरी झाले. दीड-दोन महिने हडपसरला भावाकडे राहिले. गावात सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन होतं. का? लेक लग्नाची होती. आईला कॅन्सर म्हटल्यावर स्थळं येतील का?

दोन वर्षं गेली. मग ती दुपार. गोठ्यात आम्ही दोघीच. मंगलनं माझा हात धरून पदराखाली नेला.

"आक्का, हितं बघा. दुखत न्हाई, पर जात बी न्हाई. काय असंल?"

माझ्या बोटांना कळलं. लगेच कळलं. न दुखणारी गाठही दाखवायची असते, हे तिला माहीत नव्हतं — मला होतं. आणि माझ्या मनात काय आलं? हिला पुण्याला नेलं तर डॉक्टरीणबाई मला नावानं हाक मारतील. आठ दिवसांनी कासुर्डीची मंडळी लेकीची सुपारी फोडायला येणार होती.

"दुखत न्हाई ना? मग काय नसतंय," मी म्हणाले. "चरबीची असंल."

लग्न उरकलं की सांगू, असं ठरवलं. लग्न उरकलं. मग — मग कोणत्या तोंडानं सांगणार? रोज तिच्याकडे बघायचे. ती भारा उचलताना थांबली की मी पुढं होऊन हात लावायचे. तरी गप्पच. सात-आठ महिने. शेवटी कातडी आत ओढली गेली, तेव्हा दिरानं तिला दवाखान्यात नेलं. तोवर कॅन्सर हाडांत पोचला होता.

दीड वर्ष काढलं तिनं. दवाखान्यात मीच जवळ बसायचे. एकदा म्हणाली, "माझंच चुकलं. आधीच दाखवायला पायजे व्हतं. तुमाला तरी काय ठावं असणार, आक्का?"

मी तिची उशी सरळ केली. म्हणाले, "व्हय गं."