नव्या प्रोग्रॅमनं खाल्लेली टोपी

ताडकळसच्या बसस्टँडसमोर सिद्धोधनचं व्हिडिओचं दुकान. वीस वर्षं एकाच प्रोग्रॅमवर त्यानं आसपासच्या गावांतली लग्नं कापली, जोडली, नटवली. त्या प्रोग्रॅमात एक कमळ होतं. ते उमलायचं आणि आतून नवरी बाहेर यायची. मग नवरदेव, मग मामा, मग आत्या. एका हौशी गिऱ्हाइकानं तर आपली बैलजोडीसुद्धा कमळातून काढून घेतली होती. लोक खूश, सिद्धोधन खूश.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं नि मशीन जळालं. नव्या मशीनवर जुना प्रोग्रॅम काही केल्या चढेना. लेक सुकेशनी लग्न होऊन परभणीला गेलेली. तिनं एका रविवारी येऊन नवा प्रोग्रॅम टाकला, दोन तास शिकवलं आणि चारच्या बसनं निघून गेली. जुन्यात जिथं दाबलं की शॉट कापला जायचा, तिथं नव्यात दाबलं की आवाज बंद व्हायचा. सिद्धोधनची बोटं वीस वर्षांची, ती कशाला ऐकतात!

"एवढा लय भारी प्रोग्रॅम, अन् साधं कमळ न्हाई त्यात!" तो मशीनवर खेकसायचा.

आता त्यात पहिलं काम आलं ते घरचंच, सुकेशनीच्या लग्नाचं. आणि ते नुसतं काम नव्हतं. त्याचा मेव्हणा पंडित, म्हणजे नवरीचा सख्खा मामा, लग्नापासून रुसून बसला होता. "चारशे माणसांदेखत साऱ्या मानकऱ्यांना टावेल-टोपी झाली, मलाच न्हाई. तुमच्या उंबऱ्याला आता पाय लावणार न्हाई," असं सांगून गेला, तो चार महिने फिरकला नाही. सिद्धोधनची बायको धम्मशीला हिचा हा एकच भाऊ. तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

"अगं, मी माझ्या हातानं टोपी घातलीय त्याला! व्हिडिओत हाय, दाखवतो," सिद्धोधन रोज शपथेवर सांगायचा.

लग्नात स्वतःच नवरीचा बाप, म्हणून त्यानं कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता. चार तासांचं शूटिंग. नव्या प्रोग्रॅमनं विचारलं, सारखे-सारखे शॉट आपोआप काढून टाकू का? सिद्धोधन म्हणाला, वा, हे बरंय! दाबलं 'हो', आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेला. परत येतो तर लग्न तयार. मोठ्या तोऱ्यात त्यानं धम्मशीलेच्या हाती पंडितला निरोप धाडला.

पंडित आला, पण दुकानात. "दुकान म्हंजे काई घर न्हाई," असं आधी स्पष्ट करूनच तो बाकावर टेकला. धम्मशीला दारात उभी राहिली. पडद्यावर वंदना झाली, हार पडले आणि आहेर सुरू झाला. टोपी घातली ती मंडपवाल्याला. पुढच्याच शॉटमध्ये लेक सासरी निघाली.

झालं! बासष्ट माणसांनी वाकून टोपी घालून घेतली होती. नव्या प्रोग्रॅमला ती सगळी एकाच माणसाची एकच टोपी वाटली, आणि त्यानं तेवढा मंडपवाला ठेवला.

"मंडपवाल्याला टोपी, अन् मामाला ठेंगा!" पंडित उठलाच. "दाजी, पुरावा लय चांगला दाखवलात."

 सिद्धोधननं घाईघाईनं लेकीला फोन लावला. "सुके, समदं गेलं गं! मेलो मी!"

"पप्पा, कापलेलं कुठं जात न्हाई. मूळ शूटिंग तसंच असतंय. उघडा ते."

पंडितला हाताला धरून बसवलं आणि चार तासांचं शूटिंग पहिल्यापासून लावलं. एकेक टोपी सरकत होती. मग माईकवर खुद्द सिद्धोधनचा आवाज आला, "नवरीचे मामा, पंडितराव!" कुणीच पुढं आलं नाही. आवाज पुन्हा आला. आणि पडद्यावरच्या, दोन बोटांत टोपी धरलेल्या सिद्धोधननं इकडंतिकडं पाहिलं, शेजारी उभ्या मंडपवाल्याच्या डोक्यावर ती ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं.

"आगं आई गं," सिद्धोधनच्या तोंडून निघालं.

मंडपाच्या कडेला, पंगतीत, वरणाची बादली घेऊन एक माणूस वाकून वाकून वाढत होता. पहिल्या टोपीपासून बासष्टाव्या टोपीपर्यंत तो तिथंच होता. पंडित. पंगतीच्या गोंगाटात त्याला आपलं नावही ऐकू गेलं नव्हतं. स्वतः जेवताना तर तो कुठंच दिसला नाही.

 चार महिने आपण खोटं बोलत होतो, आणि तेही शपथेवर, याची सिद्धोधनला भयंकर शरम वाटली. तो बाजारात जाऊन नवी टोपी आणि टावेल घेऊन आला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि सगळ्यांदेखत मेव्हण्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. पाया पडायला वाकला, तर पंडितनं त्याला वरच्या वर धरलं.

"दाजी, ह्ये काय करायलात तुमी! बरं, ह्ये लग्नाच्या व्हिडिओत घालणार ना? मग माझं कमळ कुठंय?"

"कमळ न्हाई नव्यात," सिद्धोधन ओशाळून म्हणाला.

"मग काय कामाचा तुमचा प्रोग्रॅम?" पंडित म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा धम्मशीला हसली.

लग्नाच्या व्हिडिओत आता एक मामा भर मंडपातून एकदम दुकानात येतो, अंगावर दुसराच सदरा घालून टोपी घेतो आणि पुन्हा मंडपात दिसेनासा होतो. कुणी विचारलं तर सिद्धोधन सांगतो, नवीन इफेक्ट हाय.

त्या दिवशी पंडित उंबरा ओलांडून घरात आला. टोपी डोक्यावर तशीच. सवयीनं वरणाच्या पातेल्याकडं वळला, तोच सिद्धोधननं त्याच्या हातातली पळी काढून घेतली.

"आज तुमी बसा, पंडितराव. मी वाढतो."