दोन मशीन, एक बोट

गुळाची ढेप नुसती हातात घिऊन तिच्यात गोडी किती हाय ते सांगनारा वालुरात मी एकटाच. पन माझ्या सोताच्या रक्तात गोडी किती हाय, ते मला दोन मशीन असूनबी सहा म्हैने कळलं न्हाई. ज्यानं कळू दिलं तो वैजनाथआप्पा टेलर मागल्या म्हैन्यात गेला. निरोप आला तवा मी दुकानात ढेप फोडायलो होतो. झोपीतच गेला म्हने. तसाच उठून पळालो. लिंगायताच्या रीतीनं बसवून ठिवलेल्या आप्पाच्या पाया पडलो तर माझ्या हाताचा गूळ त्याच्या पांढऱ्या धोतराला लागला. जित्ता असता तर लय बोलला असता...

शुगर आमाला दोघालाबी एकाच साली निघाली. त्याचं मशीन त्यानं सोता आनलं, माझं लेकीनं परभनीहून धाडलं. रोज सकाळी त्याच्या ओट्यावर बसून बोट टोचायचं. आप्पाचे हात कायम धुतलेले, कापडाला डाग नको म्हनून. मी दुकान उघडून, पोत्यात हात घालून गेलेला. एकदा माझ्या मशीननं दोनशे साठ सांगितलं. आप्पानं बोट पुसलं, नवा थेंब काढून त्याच्या मशीनला लावला, तर एकशे साठ. मी म्हनलं, "आप्पा, तुझं मशीनबी तुझ्यावानीच माप कमी घेतं." त्यानं शिवलेला सदरा मला कधी नीट बसला न्हाई, म्हनून बोललो. आन मी एवढा शहाना, की जास्त सांगतं तेच मशीन खरं धरलं. कुनाला न इचारता एका गोळीच्या दोन केल्या.

पंधराएक दिवसानं, बाजाराच्या दिवशी, मला दरदरून घाम सुटला. हात कापायले. गिऱ्हाईक भाव इचारायलंय आन मी त्याला "बस आई" म्हनायलोय. लोक म्हनले, ह्यानं सकाळीच घेतलेली दिसते. आप्पा शिवन टाकून पळत आला, माझ्याच ढेपेचा खडा माझ्या तोंडात घातला. टोचलं तर बावन्न. मंग जीपमधी घालून सेलूला नेलं. डाक्टरनं गोळी पुन्हा एकच केली, वरून शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पानं ओट्यावर तांब्याभर पानी ठिवलं. आधी तसंच टोचलं, माझ्या मशीनवर आकडा लय वर. मंग साबनानं हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. दोन्ही मशीनमधी धा-बाराचाच फरक. तेवढा राहतोच, असं डाक्टरनं सांगितलं होतं. आप्पा म्हनला, "गद्ध्या, इतके दिवस आपन तुझं रगत न्हाई, तुझा गूळ मोजायलो होतो." मी लय हासलो. आप्पा हासला न्हाई. "आकडा पटंना तर मला इचार, डाक्टरला इचार. गोळीला हात लावू नको."

आता आप्पाला कुठं इचारायचं... पन पाय सकाळी तिकडंच जातात. त्याचं मशीन कोनाड्यात हाय, वैनीनं हलवलं न्हाई. परवा ओट्यावर बसून माझ्या मशीनवर टोचलं. दोनशे चाळीस! म्हनलं, "वैनी, आप्पा गेल्यापसून माझी शुगर लय वाढायलीय. मनाला लागलंय वो माझ्या. दुखानं वाढती म्हने..."

वैनीनं आतून तांब्या आनला, माझ्यापुढं आदळला.

"दुखानं न्हाई वाढली, भावजी. हात धुवा आधी."