गोणीत गेलेली कार्डं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. पण ऐका.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या कचेरीत होतो. कामगारांची हजेरी तेव्हा नव्यानंच भोकं पाडलेल्या कार्डांवर आली होती — माणशी एक कार्ड. मशीनला कार्डावरची जागा नेमून दिली, की तिथं भोक असलेली कार्डं एका खणात पडायची, बाकीची दुसऱ्यात. ते चालवता येणारा मी एकटा. काय तोरा होता माझा! साहेबसुद्धा दार वाजवून आत यायचे.

दरवर्षी गैरहजर बदली कामगारांची — कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी रोजावर घेतलेल्यांची — कार्डं काढून टाकायची असत. रीत ठरलेली — आधी रजेवरची बाजूला काढायची, मग उरलेल्यांतून गैरहजर वेगळी करायची, आणि रद्दीच्या गोणीत भरण्याआधी नजरेखालून घालायची. मी पहिली फेरी गाळली. नजरही घातली नाही. का? जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकून साहेबांना चकित करायचं होतं. एवढंच. शाबासकी मिळाली, ती मी घेतली.

मग एके दिवशी नरसम्मा आली. वाइंडिंग खात्यात सुताच्या कांड्या भरणारी, बरीच वर्षं बदलीवर काढून आता कायम व्हायच्या बेतात आलेली. माहेरी बाळंत होऊन परतली होती, मूल पदराखाली. फाटकावर तिला सांगितलं होतं — तुझं कार्डच नाही, नव्यानं नाव लाव.

"सायब, मी रजेवर होते की," ती म्हणाली. "हितंच अंगटा दिला होता. जरा बगा की."

बघायचं काय? मला त्या क्षणीच कळलं. गोणी माझ्या खुर्चीमागे होती, रद्दीवाला अजून यायचा होता. हात घातला असता तर तिचं कार्ड सापडलं असतं — आणि माझी चूकही.

"मशीन चुकत नाही, बाई," मी म्हणालो.

ती भांडली नाही. मशीनकडे बघत उभी राहिली नुसती. पुढं लेबर ऑफिसरनं विचारलं, तेव्हाही मी तेच म्हणालो, जरा जोरात. त्याच संध्याकाळी गोणी स्वतः उचलून हातगाडीवर टाकली. तिच्यात रजेवरच्या आणखी किती जणी होत्या? मी पाहिलंच नाही.

कार्ड चुकून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण गोणी काय चुकून उचलली होती? लाज वाटते हो. आजही वाटते.

नरसम्माची नोकरीची सगळी वर्षं गेली. सकाळच्या भोंग्याआधी ती फाटकाशी नव्या बदली कामगारांच्या मागे उभी राहायची, मूल घेऊन. मी सायकलवरून आत जाताना मला नमस्कार करायची — मलाच! काही महिन्यांनी ती दिसेनाशी झाली. कुणी म्हणालं, घरी विड्या वळते. मी चौकशी केली नाही. ती फाटकाशी नव्हती त्या सकाळी मी सायकल लावली, चहा मागवला, आणि मला फार बरं वाटलं.