बाळूचा वळ, माझा अंगठा

“आंबेहळद उगाळ लवकर! बघत काय उभी राहिलीस?”

बाई ओरडल्या. मी सहाण घेऊन मागच्या पडवीत बसले. उजव्या हातानं उगाळायचं, डाव्यानं सहाण धरायची. डावा हात धरेना. अंगठा सुजून निळा पडलेला, आतलं हाड हललं की डोळ्यांपुढं काजवे. शेवटी दोन्ही पायांच्या तळव्यांत सहाण धरली आणि उगाळली. बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, “पाय काय लावतेस सहाणेला? अवदसा कुठली!” हात का लावत नाही, ते विचारलं नाही.

लेप बाळूसाठी होता. बाळू म्हणजे वकिलांचा आणि बाईंचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. मी त्यांच्याकडं धुणीभांडी करायची. बाळूच्या खांद्यावर काठीचा वळ उठला होता. एक.

चळवळीचे दिवस होते. त्या सकाळी धारवाडच्या बाजारात पोरं परदेशी कापडाच्या दुकानापुढं झेंडे घेऊन बसली होती. बाळूही त्यांत आहे असं बाईंना कळलं. त्यांनी मला पिटाळलं. “हात धरून घेऊन ये त्याला. एकटी परत आलीस तर बघ.”

मी गेले. त्याची बाही धरली आणि ओढायला लागले. तेवढ्यात फौजदार शिपाई घेऊन आला. सरा म्हणाला नाही, उठा म्हणाला नाही, थेट काठी. पोरं खाली बसलेली, हातात झेंड्याशिवाय काही नाही. एक काठी बाळूच्या खांद्यावर बसली. कुणीतरी ओरडलं, “अहो, वकिलांचा मुलगा आहे तो!” फौजदाराचा हात वरच्या वर थांबला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण उचललेली काठी कुठंतरी पडायलाच हवी होती. ती माझ्याकडं वळली. बाही धरलेल्या माझ्या हातावर आली. मग परत आली. मी काही वकिलांची कुणी नव्हते.

तरी बाही सोडली नाही. माया होती म्हणून नाही, बाईंची भीती होती. बाळूला मी घरी आणला.

मग घरात जत्रा भरली. बाळू सदरा काढून पलंगावर बसला, लोक येऊन वळ बघून गेले. कुणी पेढ्याची पुडी आणली, कुणी संत्री. बायकांनी ओवाळलं. “वाघ आहे हो तुमचा मुलगा,” कुणी म्हणालं. बाई पदरानं डोळे पुसायच्या आणि मला म्हणायच्या, “चहा टाक गं.” मी एका हातानं कपबश्या विसळत होते. खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखलं. मला त्या पोराच्या वळाचा हेवा वाटला. दुसऱ्या बायका दागिन्यांचा हेवा करतात, मी काठीच्या वळाचा केला. आम्हाला एकाच फौजदारानं, एकाच काठीनं मारलं. त्याच्या वाटेला पेढे आणि माझ्या वाटेला कपबश्या! अंगाचा तिळपापड झाला नुसता.

डॉक्टर आले. हाड शाबूत आहे म्हणाले. हात धुवायला परसात आले तेव्हा मी पाणी घातलं. डावा हात मुद्दाम त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पाहिला. पंच्याला हात पुसले आणि निघून गेले.

संध्याकाळी बाईंनी मीठमोहऱ्या घेऊन बाळूची दृष्ट काढली. आल्यागेल्याची, भुताखेताची म्हणत ओवाळत होत्या. मी दारात उभी होते. मनात म्हटलं, बाई, दृष्ट लावणारी इथंच आहे, लांब कशाला शोधता!

घरी अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, बांबूची कामटी लावून अंगठा चिंधीनं बांधला. वकिलांकडं आधी तीच कामाला होती. तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं मला तिथं लावलं. आमच्या दोघींचं पोट त्या घरावर होतं.

वकिलांनी कलेक्टरकडं अर्ज केला. फौजदाराची चौकशी लागली. मला बैठकीत बोलावून वकील म्हणाले, “तू तिथं होतीस. बाळूला मारताना पाहिलंस. तेवढंच सांगायचं.”

“आणि माझं?” मी हात पुढं केला.

“तुझं मध्ये आणलंस तर ते म्हणतील, गर्दी होती, धक्काबुक्की झाली, कुणालाही लागलं असेल. केस सैल पडेल. तुझं मागाहून बघू.”

मागाहून! आमचं सगळं मागाहूनच असतं. जेवण मागाहून, औषध मागाहून.

अक्काला सांगितलं. ती घाबरली. “ते सांगतात तसं बोल. पाण्यात राहून सुसरीशी वैर करायचं का?”

कचेरीत मोठे साहेब टेबलामागं बसले होते. वकिलांना खुर्ची, बाळूला खुर्ची. मी दारापाशी जमिनीवर. आणि फौजदार उभा होता. डोक्यावरची टोपी काखेत, नजर खाली, “होय साहेब, नाही साहेब” करत. बाजारात वाघासारखा फिरणारा माणूस एका वळाचा जाब देत होता. ते बघितलं आणि माझा जीव जळला. पेढ्यांच्या वेळी जळला त्याहून जास्त. हा माणूस माझ्यापुढं असा कधी उभा राहणार? माझं तर हाड मोडलंय!

मला पुढं बोलावलं. मी सगळं सांगितलं. बाळूला एक बसली, मग काठी थांबली, मग माझ्या हातावर आली. वकिलांनी खाकरून पाहिलं, मी थांबले नाही. कारकुनानं लिहून घेतलं आणि कानडीत वाचून दाखवलं. कानडी मला मराठीइतकंच कळतं. बाळू होता त्यात, काठी होती, फौजदार होता. मी होते ती फक्त बघायला उभी.

कारकुनानं शाईची गादी सरकवली. “हेब्बेट्टु कोडु, यव्वा.” अंगठा दे, बाई. डाव्या हाताचा.

मी चिंधी सोडली. कामटी काढली. अंगठा टेबलावर ठेवला, साहेबांच्या नाकासमोर. काळानिळा, वाकडा. कारकून साहेबांकडं बघायला लागला.

साहेब म्हणाले, “उजव्या हाताचा घ्या.”

बस्स. कशानं झालं, कुणी केलं, काही नाही. त्याच खोलीत मोडणारा उभा, त्याच टेबलावर मोडलेला अंगठा, आणि साहेब म्हणतात उजवा घ्या!

मी म्हटलं, “साहेब, हा कुणी मोडला ते त्यात लिहिलं नाही.”

“ते ह्या चौकशीत नाही.”

“मग माझा अंगठाही ह्या चौकशीत नाही.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. फौजदारानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं, आणि नजर त्यानं आधी खाली घेतली.

बाहेर वकील म्हणाले, “खाल्ल्या मिठाला जागली नाहीस.”

“मीठ राबून खाल्लं, रावसाहेब. फुकट नाही.”

बाळू तोंडातून शब्द न काढता उभा होता. माझ्या हातात त्याची बाही होती तेव्हाही तो असाच गप्प होता.

काम गेलं. अक्का दोन दिवस बोलली नाही. त्यांच्याकडं दुसरे साक्षीदार होते, कॉलेजची पोरं. फौजदाराला ताकीद मिळाली आणि दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. बाळूला न्याय मिळाला म्हणून वकिलांकडं पुन्हा पेढे वाटले. तिकडच्या तालुक्यात काय काठ्या नसतात? तिकडं काय मोलकरणी नसतात?

मी चौकशीच्या दुसऱ्या दिवशीच कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले होते. शिपायानं हुसकलं. पुन्हा गेले. अजून जाते. आता लोणी विकते दारोदार, पाटी घेऊन तिथंच बसते. नवे साहेब येतात, जुने जातात. प्रत्येकाला सांगते, “माझी साक्ष राहिलीय.” हसतात मेले. हसू देत.

अंगठा वाकडाच बसला. हेवाही गेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. पेढे नकोत मला, संत्री नकोत, ओवाळणंही नको. माझ्यापुढं तो फौजदार उभा पाहिजे, टोपी काखेत घेऊन, माझ्या हाडाचा जाब द्यायला. तो कागद लिहिला जाईल तेव्हा मी ह्याच वाकड्या अंगठ्यानं ठसा उठवीन. तोवर दुसऱ्या कुणाच्या वळाखाली तो उठणार नाही.