देशकरांच्या मागच्या चाकातला आवाज

शशिकांत देशकर कशाकशावर चिडतात हे विचारू नये. कशावर चिडत नाहीत ते विचारावं, म्हणजे उत्तर लवकर संपतं. पण त्या फाल्गुनात ते जेवढे चिडले, तेवढे अडतीस वर्षांच्या नोकरीतही चिडले नव्हते. कारण काय, तर सायकलच्या मागच्या चाकात टिक् असा आवाज येत होता आणि तो त्यांना सापडत नव्हता.

दुसरा कुणी असता तर चाकात तेल सोडून मोकळा झाला असता. देशकरांनी जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंड वाजवून पाहिलं होतं. ओतीव नग समोर आला की हातोडीचा एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. निकोप नग लांब वाजतो, आत चीर असली की बद्द वाजतो. मशीनने पास केलेला नगही साहेब लोक 'एक बार देशकरजी को सुना दो' म्हणून त्यांच्याकडे धाडत. निवृत्तीनंतर कांचघरच्या गल्लीतही तेच सुरू राहिलं. कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाची पाण्याची मोटर घरघरली की देशकरांना बोलावणं यायचं. ते जायचे, दोष सांगायचे आणि वर मालकाला चार शब्द सुनावून यायचे.

रोज सकाळी सायकलने ग्वारीघाट गाठायचा, नर्मदेचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरायचं, कॅन कॅरिअरला बांधून घरी आणायचा, हा त्यांचा नेम. बायकोचे, विनताबाईंचे, देव त्याच पाण्याने न्हायचे. मागच्या वर्षी घाटाच्या उतारावर ते पडले, मनगट मोडलं आणि घरी कळायला दोन तास गेले, कारण मोबाइल घरीच होता. "नर्मदामाईकडे जाताना फोन कशाला पाहिजे? ती काय फोटो मागते?" असं त्यांचं म्हणणं. मुलाने, अतुलने, नवा फोन आणून दिला. तो कपाटात गेला. विनताबाई पंधरा दिवस रडल्या. नेम मोडला नाही.

तर तो आवाज. येताना यायचा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. घरी आले, विनताबाईंनी कॅन उचलून आत नेला, सायकल स्टँडवर लावून चाक फिरवलं की गप्प. देशकरांनी छर्रे बदलले, आरे आवळले, एक्सल पुसला. शेवटी नाक्यावरच्या अनुपमच्या दुकानात सायकल नेली. त्याने चाक काढून उजेडात फिरवलं.

"अंकल, पहिये में कुछ नहीं है."

"नहीं कैसे? मेरे कान झूठ बोलते हैं क्या?"

"टायर में एक जगह गेटर डला है, वहाँ थोड़ा फूला है. उससे आवाज थोड़ी आती है."

टायर फाटला होता तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा बसवलेला होता, तो देशकरांनी स्वतःच बसवला होता. त्यावर बोट ठेवलेलं त्यांना खपलं नाही. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला चारचौघांत कामचोर म्हणून ते तरातरा घरी आले.

एकदा अतुल गल्लीच्या तोंडाशी भेटला. देशकर सायकलवरून उतरले आणि भरल्या कॅनसकट ती ढकलत चालू लागले. टिक्. टिक्. त्यांनी मुलाचा दंड धरला. "आता ऐक! हे पाहा, होऊन राहिला की नाही?"

अतुलने मान वाकडी करून ऐकलं. "कुठे काय, बाबा? मला तर काहीच नाही येत."

टिक्.

"हे!"

"बाबा, एकदा कान दाखवून घेऊ ना."

सदर बाजारातल्या कानाच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावलं, कागदावर रेघा काढल्या आणि गोड बोलून सांगितलं की सत्तरीत थोडं कमी ऐकू यायचंच. घरच्या कुणालाच जर आवाज येत नसेल, तर तो कानातलाच असावा. परत येताना रिक्षात अतुलने हळूच विषय काढला. मागून ट्रक आला तर कळणार कसं? सायकल पुरे आता. देशकर घरी येऊन म्हणाले, "रविवारपर्यंत सापडला नाही तर देऊन टाका कोणाला." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते विनताबाईंनी पाहिलं, आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

त्याच आठवड्यात शेजारचे रत्नाकरराव मोटर घरघरते म्हणून बोलवायला आले. देशकर दारातूनच म्हणाले, "दुसरा कोणी पाहा. माझे कान गेले." असं वाक्य त्या तोंडून गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. नंतर ते खोलीत जाऊन बसले आणि भिंतीला पाठ लावून पंख्याचा आवाज ऐकत राहिले. पंखा खरंच कुरकुरतोय की आपलं डोकं, हे त्यांना ठरवता येईना. रागाची सवय होती. ही भीती नवी होती.

रविवार उजाडला. शेवटचा नेम म्हणून ते घाटावर गेले, कॅन भरला, बांधला आणि चढावर सायकल ढकलायला लागले. टिक्. टिक्. अर्ध्या चढावर दम लागला. वजन कमी करावं म्हणून कॅन सोडून फूलवालीच्या पाटीशेजारी ठेवला आणि सायकल आधी वर नेऊ म्हणाले. आवाज बंद. देशकर थांबले. सायकल मागे आणली, कॅन बांधला, ढकलली. टिक्. कॅन सोडला. गप्प. बांधला. टिक्.

त्यांनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. कॅरिअरवर भार पडला की त्याला बोल्टने जोडलेला मडगार्ड दबून चाकावर येत होता. म्हणजे मडगार्डच्या आत काहीतरी होतं, आणि टायरचा फुगीर भाग फेऱ्याला एकदा त्याला लागत होता. चाक काढल्यावर सगळे चाकाकडेच बघत बसले. वरच्या पोकळीत कुणी पाहिलंच नाही! ते रस्त्यातच उताणे झाले, हात आत घातला आणि चिखलाने माखलेल्या काळ्या टेपखालून रुपयाहून जरा मोठी पांढरी चकती ओढून काढली.

"क्या है ये?" त्यांनी फूलवालीला विचारलं.

"अरे दादाजी, टॅग है. हमारे देवर ने स्कूटी में लगाया है. गाड़ी कहाँ है, फोन में दिखता है."

देशकर घरी आले तेव्हा अतुल अंगणात सायकल न्यायला येणाऱ्या माणसाशी फोनवर बोलत होता. त्यांनी चकती त्याच्या तळहातावर ठेवली. अतुलचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही पडले होते ना मागच्या वर्षी. दोन तास आम्हाला पत्ता नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लावू दिलं असतं का?"

"नसतं दिलं. ते सोड. त्या दिवशी गल्लीत आवाज आला होता की नाही?"

अतुल आईकडे पाहू लागला.

"तिच्याकडे काहून पाहतोस? आला होता की नाही?"

"आला होता."

विनताबाई पुढे झाल्या. "अहो, माझ्यामुळेच झालं. मीच म्हटलं, सांगू नको. तुम्ही काढून फेकलं असतं. मग वाटलं, सायकलच सुटते तर बरंच आहे. जिवाची काळजी होती हो."

"जिवाची!" देशकरांचा आवाज फाटला. "डॉक्टरपुढे बसवलं मला. मी शेजाऱ्याला सांगून बसलो, कान गेले म्हणून. रात्रंदिवस भिऊन राहिलो होतो, तुम्ही दोघं बघत होते. पाय मोडला असता तर चाललं असतं मला!"

देशकरांनी कॅन सोडून उंबऱ्यावर ठेवला. सायकल न्यायला आलेला माणूस फाटकातूनच परत गेला. दुपारी देशकर अनुपमच्या दुकानात जाऊन आले. माफी मागताना सुद्धा ते ओरडतच होते असं लोक सांगतात.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. अतुल मागून आला. "बाबा, चुकलं माझं."

देशकर हलले नाहीत.

"बाबा, चुकलं," तो जरा मोठ्याने म्हणाला. मग आणखी मोठ्याने.

"ऐकू नाही गेलं वाटते," विनताबाई दारातून हळूच पुटपुटल्या.

"गेलं," देशकर रस्त्याकडे बघतच म्हणाले. "पहिल्याच वेळी गेलं. पण तुमच्या दोघांच्या तोंडचं आता खरं कोणतं धरू, ते सांगा."