बंगल्यासमोर पायउतार

मुरबाडच्या डोंगरातली सायकल शर्यत. शेवटची फेरी. मी दुसरी होते, आणि पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. चढाच्या वळणावर मांडवात आप्पासाहेब बसलेले दिसले. आमच्या शाळेचे अध्यक्ष. आणि मी सायकलवरून उतरले.

कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप खाली आले. हँडल धरून, मान खाली घालून त्यांच्यासमोरून चालत गेले. तसल्या चढावर एकदा उतरलं की पुन्हा बसता येत नाही. मागच्या मुली धापा टाकत पुढे निघून गेल्या.

आप्पासाहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा, आमच्याकडच्या पोरींना वळण आहे. शर्यतीतसुद्धा विसरत नाहीत."

पाहुणे हसले. एका बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

कल्याणहून येणारे आमचे कोच विचारत राहिले, का उतरलीस? चेन पडली? चक्कर आली? त्यांना हे कुठून सुरू करून सांगायचं, तेच मला कळेना.

आमचं गाव शेणव्याच्या अलीकडे. आप्पासाहेबांचा बंगला रस्त्याला लागूनच. त्याच्यासमोर सायकलवरून उतरायचं, बंगला संपला की बसायचं. सगळे उतरत नसत. मास्तरांची, दुकानदारांची पोरं बिनधास्त जायची. उतरायचो आम्ही पाड्यावरचे, ज्यांचे आईबाप त्यांच्या शेतावर मजुरीला. लहानपणी मी एकदा विसरले, तर त्यांच्या गड्यानं चाकाची हवा सोडली. वर आयनं मलाच धपाटा घातला. त्यानंतर पाय कधी चुकले नाहीत.

ते वर्ष दहावीचं. पहाटे कोचनी दिलेल्या गिअरच्या सायकलवर भातसानगरच्या चढाला सराव. घरी येऊन पाणी भरायचं. मग शाळा. दुपारी बाकावर डोळा लागायचा, गणिताच्या बाई उभं करायच्या. उभ्या उभ्याही झोप यायची. रविवार मुरबाडच्या डोंगरात जायचा. मैत्रिणी म्हणायच्या, कशाला एवढी मरतेस? मलाही नीट सांगता यायचं नाही. पण उतारावर ब्रेक सोडला की मला कुणाचंच भय वाटायचं नाही, एवढं खरं.

शर्यतीनंतरच्या सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं. वाटलं, हरले म्हणून बोलतील. त्यांनी मुरबाडची गोष्ट सगळ्या शाळेला रंगवून सांगितली. पदकापेक्षा संस्कार मोठे, म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. त्या फुलाची मला किळस आली. शिव्या दिल्या असत्या तर रडून मोकळी झाले असते. पण माझं हरणंच त्यांना आवडलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना मी बंगल्यासमोर उतरले नाही. आप्पासाहेब ओट्यावर होते. "उतर," एवढंच म्हणाले. मी पेडल मारत राहिले. फार घाबरले होते. पाय मात्र थांबले नाहीत.

संध्याकाळी निरोप आला. पोरीनं येऊन पाया पडावं, नाहीतर शाळा तिला संघातल्या उरलेल्या जागेच्या शर्यतीला पाठवणार नाही. बा नुकताच शेतावरून आला होता. भिंतीला टेकून बसला.

"जा गो. पाया पड नि ये. काय जातंय आपलं?"

"बा, तू रोज उतरतोस. काय गेलं ते तुलाच ठाव. मी नाय जायची."

तसं बोलल्याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

शाळेनं पाठवलं नाही. कोचनी येऊन विनवण्या केल्या, मग थकून गिअरची सायकल दुसऱ्या मुलीला दिली. ती संघात गेली. दहावी मी बाच्या जुन्या काळ्या सायकलवर काढली. जड सायकल, पाय भरून यायचे. बंगल्याजवळ तर रस्ता चढाचाच. तिथे दम लागतो, उतरून चालावंसं वाटतं. अजूनही वाटतं. दुसऱ्या कुठल्याही चढावर मी खुशाल उतरेन. त्या बंगल्यासमोर उतरणार नाही.