मागून घेतलेला विटाळ

पाळीच्या पहिल्या दिवसांत माझ्याच्यानं कणीक मळवत नसे. परातीत हात घालायचे, एकदोनदा दाबायचे आणि हात तिथंच राहायचे. मी त्यांच्याकडे बघत बसायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर सांगायला सोपं होतं. पोट धरून कण्हणाऱ्या बाईला कुणीतरी शेकायला पिशवी देतं. मी नुसती दमायची. न्हाणीघरात पाटावर बसले की उठताना दमायची. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची, कारण पुढचं बोलायचा कंटाळा नव्हे, ताकद नसायची. चाळिशी जवळ आली तसं अंगावरून जास्त जायला लागलं आणि हे वाढत गेलं.

आम्ही तेव्हा यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत, नव्यानं उठलेल्या एका सोसायटीत राहायला गेलो होतो. नवरा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात भांडाराचा कारकून होता आणि त्याआधीची बरीच वर्षं तिथल्याच मागच्या एका खोलीत काढली होती. आता दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं, तिसऱ्या मजल्यावर. घरात नवरा, सासू, सातवीतली मुलगी आणि मी. मागच्या बाजूला अजून गव्हाची शेतं होती आणि पुढच्या बाजूला रोज एक नवीन पाटी लागायची, इथे अमुक होणार, तिथे तमुक होणार. नवऱ्याला या सगळ्याचं फार कौतुक. बाजार खुला झाला, आता देश बदलणार, असं तो पेपर वाचून सांगायचा. माझ्यापुरतं बदललं ते एवढंच की आधी नळ दारात होता, आता तीन जिने खाली होता. वरच्या टाकीची मोटर विजेवर चालायची आणि वीज तिच्या मर्जीवर. उन्हाळ्यात आठवड्यातले निम्मे दिवस पाणी खालून बादलीनं आणावं लागे. मी आणायची.

शिवाय पैसे घेऊन मी करून द्यायची ते पोळ्यांचे डबे होते. नोएडात कंप्यूटरच्या कंपन्या आल्या होत्या आणि त्यांत पुण्यामुंबईची पोरंपोरी कामाला आली होती. त्यांना तंदूरची रोटी गिळवत नव्हती. आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर पुण्याची एक नवी सून राहायची, नवरा-बायको दोघंही नोकरीवर. तिचा डबा सगळ्यांत आधी द्यावा लागे.

आता विटाळाचं सांगते. लग्नानंतर गावी असताना सासूबाईंनी त्या दिवसांत मला चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं. माझ्या माहेरीही तेच. आईला कावळा शिवला की ती पडवीत पोतं टाकून बसायची, ताट-तांब्या वेगळा. त्यात काही चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पडवीत पाणी गळायचं, आणि शेण काढायला, खुरपायला विटाळ आड येत नसे. खुरपं काही बाटत नव्हतं. पण चूल, हंडा आणि देव हे तिघं तेवढे सुटायचे. दुपारी आईला कुणी हाक मारायचं नाही. ती पोत्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायची. एरवी मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नाही.

सासूबाई कायमच्या दिल्लीत आल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी रीतीप्रमाणे सांगितलं, "आई, मी बाहेरची झाले." त्यांनी खोलीकडे पाहिलं. अतिथिगृहामागची ती खोली एकच होती. बाहेर म्हणजे थेट रस्ता. आणि मी बसले तर भाकरी त्यांना थापायला लागली असती.

"दिल्लीत चालतं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दिल्लीत चाललं. मला वाईट वाटलं नाही. तरुण होते, अंगात जोर होता, उलट सुटले असं वाटलं. नवरा मित्रांत सांगायचा, आमच्याकडे शिवताशिवत नाही, आम्ही सुधारलेले.

सोसायटीत आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात मी एकदा बादलीसकट जिन्यात बसले आणि मला उठवेना. नवऱ्यानं बाजारातल्या एका पंजाबी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिनं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "खून तो है ही नहीं आप में." लोहाच्या गोळ्या दिल्या. आणि म्हणाली, "आराम कीजिए. उन दिनों में तो बिल्कुल भारी मत उठाइए."

घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, "ऐकलंस ना? आराम कर."

"आणि पाणी?"

"अगं, आराम कर म्हणतोय मी. कोण नको म्हणतंय?"

खरंच कुणी नको म्हटलं नाही. सासूबाईही म्हणाल्या, पडत जा गं जरा. मी पडले की त्याच म्हणायच्या, दूध उतू जाईल बघ. गोळ्यांनी पोटात आग पडायची, तरी त्या मी संपवल्या. पुढच्या महिन्यात पाळी आली आणि परत परातीत हात थांबले. तेव्हा मला आई आठवली. मला घरात आजारी कुणी समजत नव्हतं आणि समजणारही नव्हतं. पण बाटलेल्या बाईला कामाला लावता येत नाही. निदान तसं त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्याच्या पुढच्या महिन्यात, पहिल्या दिवशी सकाळी, मी मागच्या बाल्कनीच्या दाराशी चटई टाकली, एक ताट आणि तांब्या घेतला आणि बसले.

"आई, मी बाहेरची आहे. मला शिवू नका."

सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या. "आज काय हे नवीन?"

"नवीन कुठलं? तुमचंच जुनं आहे."

"अगं, पण दिल्लीत..."

"मला नाही चालत दिल्लीत. पाप लागतं." देवावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण त्यांचा होता.

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. नको म्हणावं तर धर्म आडवा येतो आणि हो म्हणावं तर स्वयंपाक. शेवटी त्या म्हणाल्या, "बस मग. मी कोण अडवणारी?" आणि गॅस पेटवायला गेल्या तेव्हा भांडी जोरात आपटली.

नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आला. "काय चाललंय? इथं सगळे शिकलेले लोक राहतात. शेजारी काय म्हणतील, हे खेड्यातून आले?"

"आलोच आहोत."

"मी लोकांना काय सांगू?"

"काही सांगू नका. जाताना पाणी आणून ठेवा."

त्या दिवशी त्यानं पाणी आणलं. एकेका जिन्यावर थांबून, बादलीतलं निम्मं सांडत, पण आणलं. मुलगी शाळेला निघाली होती. ती जन्मापासून दिल्लीची; तिचं मराठी वरणभाताएवढं.

"मम्मी, ये विटाळ क्या होता है?"

"मला शिवायचं नाही."

"तुला काय शिवायचं नाही? माझा फ्रॉक?" शिवणं म्हणजे तिला फक्त सुईदोरा माहीत. आजीनं तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण मम्मी तर साफ आहे, यार." आजीनं तिला शाळेत पिटाळलं.

थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्यावरची आली, डबा घ्यायला. सासूबाईंनी तिला दारातच सांगितलं. ती आत माझ्या चटईपाशी आली आणि मुद्दाम माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला धडा द्यायला.

"काकू, तुम्हीसुद्धा? अहो, हे आपणच मोडलं पाहिजे ना. मी पहिल्या दिवशीसुद्धा ऑफिसला जाते. गोळी घेते आणि जाते. आम्हाला तुमच्या हातचं अगदी चालतं हो."

"तुला चालतं गं. मला चालवत नाही."

तिला तो विनोद वाटला, ती हसली. मग घड्याळ पाहून म्हणाली, "बरं, पण निदान आमच्या पोळ्या तरी? फक्त आमच्या?"

मी भिंतीकडे तोंड केलं. ती गेली.

तो दिवस मी झोपले. त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. मध्ये जाग आली तेव्हा बाल्कनीतून ऊन पायावर आलेलं होतं आणि खाली कुणीतरी रेती चाळत होतं. मला कुणी हाक मारत नव्हतं. मी पाय सावलीत घेतले आणि परत झोपले. संध्याकाळी सासूबाईंनी ताटात भात सोडला, लांबून, वरून. भात कच्चा होता. मी सगळा खाल्ला. असे अजून दोन दिवस मिळतील आणि मग दर महिन्याला मिळतील, एवढंच मनात होतं. मला दुसरं काही नको होतं. नवीन घर नको, फ्रिज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात बादलीचा आवाज आला. दोन पायऱ्या, टेकवली. दोन पायऱ्या, टेकवली. नवऱ्याचं चालणं असं नव्हतं. शिवाय त्याचा आवाज आतल्या खोलीतून येत होता. त्याची पाठ धरली होती आणि सासूबाई त्याला बाम चोळत होत्या.

मुलगी बादली घेऊन आत आली. फ्रॉक पुढून भिजलेला, दोन्ही तळहात लाल.

"शाळा?"

"आजी बोली, मम्मी उठेपर्यंत जायचं नाही. पोळ्या पण मीच करू?" ती खूश होती. तिला तो खेळ वाटत होता. त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी विचारलं, "आई, हिला घरी का ठेवलं?"

आतून उत्तर आलं, "मग कोण करणार? माझे गुडघे हे असे, त्याची पाठ ती तशी. मुलीची जात आहे, शिकेल."

मी चटई गुंडाळली. पुढचं काही ठरवलं नव्हतं, रागही आला नव्हता. विटाळ मी मागून घेतला तेव्हा धरून चालले होते की मी बाजूला झाले की काम त्या दोघांवर पडेल. काम माझ्यामागून सरळ मुलीवर गेलं, पाणी उताराला जावं तसं. वाटेत कुणापाशी थांबलंसुद्धा नाही.

मी ओट्याकडे निघाले तर सासूबाई बाम लावलेल्या हातानं आडव्या आल्या. "अगं, अगं! चौथा दिवस कुठं झालाय? तशीच शिवणार का सगळ्याला?"

"गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं ना?"

"चालत होतं. तूच बसलीस. आता बसलीस ते बसलीस, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय माझ्या गॅसला हात लावू नको."

मुलीनं आणलेल्या बादलीत स्वयंपाकापुरतंच होतं. मी दुसरी बादली घेतली आणि खाली गेले, स्वतःच्या शुद्धीचं पाणी आणायला. रांगेत उभी राहिले. येताना पहिल्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून पायरीवर बसले. बादली सांडू नये म्हणून ती दोन्ही पायांत धरली.

दुसऱ्या मजल्यावरची ऑफिसला निघाली होती, पर्स आणि उंच टाचा. माझ्यापाशी थांबली.

"अय्या काकू! उठलात? बरं झालं. बरं वाटत नाही का?"

"दमलेय."

"अहो, मग आराम करायचा ना!" आणि दोन पायऱ्या उतरून वळून म्हणाली, "आज संध्याकाळी मिळतील ना पोळ्या?"

"मिळतील," मी म्हटलं.

वर जाऊन न्हाले. केस ओलेच बांधले. परात घेतली. सासूबाई ओट्याजवळ स्टूल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तेवढ्या वेळात सगळा विचार करून ठेवला होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, गॅस म्हणजे अग्नी. अग्नीला विटाळ नसतो. आणि नळाचं पाणी वाहतं, वाहत्या पाण्यालाही नसतो. तेव्हा पुढच्या खेपेला तू फक्त देवाला शिवू नको. बाकी सगळं तुला मोकळं आहे. झालं? तुझा धर्मही राहिला."

"झालं," मी म्हटलं.

आतून नवरा म्हणाला, "हे बरोबर आहे. हे कसं, सायंटिफिक आहे."

त्यानंतर मी बसले नाही. गोळ्या परत घेतल्या, परत संपल्या. पाळी जायला अजून पुष्कळ वर्षं होती आणि ती सगळी तशीच गेली, दर महिन्याला, परातीपुढे, पाणी नसेल तेव्हा जिन्यात.

पण त्या सकाळचं उरलेलं सांगायचं राहिलं. मुलीचा पेपर बुडाला होता. शाळेची वेळ कधीच टळली होती. ती ओट्याला टेकून माझ्याकडे बघत होती. मी कणीक दाबत होते, थांबत होते, दाबत होते. तिनं आजीकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "मम्मी, मला पण येणार ना एक दिवस? मग मी पण काल तुझ्यासारखी दिवसभर झोपू?"

"नाही," मी म्हटलं आणि तिला लाटणं द्यायला सांगितलं.